घरच्या घरी इंजिन ऑइल बदलणे : चेंबर नट, चकती आणि उरलेलं काळं ऑइल

दिवेघाट

मागे सर्व्हिसिंगच्या बिलांवरून जो धागा पेटला होता, तिथे मी सहज लिहून गेलो की ऑइल मी घरीच बदलतो. त्यावर इतके व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. गाडी २०१२ ची होंडा सिटी, पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. वॉरंटी कधीच संपली आहे. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी वाचून करमणूक करून घ्यावी, पाना हातात घेऊ नये. उद्या इंजिनाचं काही निघालं तर 'अधिकृत ठिकाणी काम करून घेतलं नाही' एवढं एक वाक्य समोरच्याला पुरतं.

पैसे वाचवायला हे करू नका. ऑइल आणि फिल्टर विकतच आणायचे असतात, वाचते ती मजुरी, आणि ती आपल्याकडे अजून तरी फारशी नाही. जॅक, घोड्या (गाडीला खालून आधार द्यायचे लोखंडी स्टँड), पाने यांचा खर्च वसूल व्हायला वर्षं जातात. मी करतो ते दोन कारणांनी. एक, कोणत्या डब्यातलं ऑइल इंजिनात गेलं ते मी डोळ्यांनी बघितलेलं असतं. दोन, चेंबरचा (इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्याचा) नट कोणी एअर गनने आवळलेला नसतो. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे, त्यावर खाली येतोच.

ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्या ग्रेडचं. त्यावर वाद घालायचाच असेल तर खाली प्रतिसादात घालू. माझ्या गाडीला फिल्टरसकट ३.६ लिटर लागतं. बाजारात साडेतीन लिटरचा डबा मिळतो; तो पूर्ण ओतला की ऑइल मोजायच्या पट्टीवर पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली येते आणि ते अगदी चालतं. फिल्टर मात्र अधिकृत स्पेअरच्या काउंटरवरूनच घ्या. हुबेहूब खोक्यातले नकली फिल्टर गल्लोगल्ली आहेत, आणि आतला कागद कसला आहे हे बाहेरून कळत नाही.

आता गाडी वर घेणं. या एका बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, 'एकच मिनिट' म्हणूनसुद्धा नाही. हायड्रॉलिक जॅकवरही नाही; त्याचं सील गेलं की तो हळूहळू किंवा एकदम खाली येतो. गाडी उभी राहते ती घोड्यांवर. विटा आणि सिपोरेक्सचे (बांधकामातले हलके) ब्लॉक यांचं नावच काढू नका, ते दाबाखाली काही इशारा न देता फुटतात. जमीन सपाट आणि कडक हवी. उन्हात मऊ झालेल्या डांबरात घोडीचा पाय रुततो, सैल पेव्हर ब्लॉक बसतात. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. गाडी घोड्यांवर टेकली की कमरेने चांगला हिसडा देऊन बघायचं. हलायचीच असेल तर तेव्हा हलू दे. शिवाय स्टेपनी काढून उंबरठ्याच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवतो, म्हणजे सगळंच फसलं तरी अंगावर येणारं वजन आधी तिच्यावर येईल.

त्याआधी इंजिन पाच-सात मिनिटं चालवून बंद केलेलं असावं. ऑइल कोमट हवं, म्हणजे गाळ घेऊन धड वाहतं. लांबचा प्रवास करून आल्या आल्या नट काढलात तर मनगट भाजून घ्याल.

नट खोलण्यापूर्वी वरचं ऑइल भरायचं झाकण उघडा आणि जुना फिल्टर जागचा हलतोय का तेही बघा. ऑइल सगळं सांडून झाल्यावर फिल्टर निघतच नाही असं कळलं तर गाडी जागेवर अडकते.

होंडाला चेंबर नटाला १७ चा पाना लागतो. रिंग पाना किंवा सहा कोनांची गोटी (सॉकेट) घ्या. उघड्या तोंडाचा पाना आणि व्हाइज ग्रिप यांनी नटाचे कोपरे गोल होतात. पहिला हिसका दिला की पुढचं काम बोटांनी. शेवटचे दोन आटे राहिले की नट आत दाबून धरतच फिरवायचा, आटे संपल्याचं बोटाला कळतं, आणि मग झटक्यात हात बाजूला. पहिली धार हातभर लांब आडवी उडते, म्हणून पातेलं नटाच्या बरोबर खाली न ठेवता थोडं पुढे ठेवायचं. जसजसं ऑइल कमी होतं तशी धार मागे येत जाते आणि शेवटी चेंबरच्या कडेला चिकटून ओघळते; तेव्हा पातेलं मागे ओढायचं. लोक सांडतात ते सुरुवातीला नाही, या शेवटच्या टप्प्यात. दहा-पंधरा मिनिटं नुसतं निथळू द्या.

नटाखाली ॲल्युमिनियमची चकती असते, १४ एमएमची. आवळताना ती चेपते आणि त्यानेच सील होतं, म्हणून दर वेळी नवी. जुनी कधीकधी चेंबरलाच चिकटून राहते आणि लोक तिच्यावर दुसरी चढवतात. नखाने खरवडून बघा.

आणि आता ते दुसरं कारण. होंडाचं चेंबर ॲल्युमिनियमचं आहे, नट पोलादाचा. जास्त आवळलं की आटे चेंबरचे जातात, नटाचे नाही. पुस्तिकेतला आकडा सुमारे ४० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला साधारण तेरा-चौदा किलोचा जोर, बस. टॉर्क पाना असेल तर उत्तम. नसेल तर आखूड पाना घ्या आणि पाय रोवून जोर लावू नका.

फिल्टरच्या रबरी रिंगला नवं ऑइल बोटाने चोळायचं, हाताने फिरवत न्यायचं, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा. त्याला पाना लावायचा तो काढताना, बसवताना नाही.

मग तीन लिटर ओतून पट्टी बघत बघत उरलेलं. इंजिन सुरू केलं की ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद. अर्धा-एक मिनिट चालवून खाली टॉर्च मारून बघायचं, बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा पट्टी.

राहिला प्रश्न पातेल्यातल्या साडेतीन लिटर काळ्या ऑइलचा. खरं सांगायचं तर या सगळ्या कामातला हाच एक भाग आहे ज्याचं धड उत्तर आपल्याकडे नाही. मी ते रिकाम्या डब्यात भरून एका ओळखीच्या गॅरेजात देतो, तिथे बॅरल आहे. तुम्ही काय करता?

आळशी_अजगर

एवढ्या वेळात मी गाडी गॅरेजात टाकून मिसळ खाऊन, वर एक झोप काढून येतो. पण लेख आवडला. वाचनखूण साठवली आहे, कधीही वापरणार नाही.

वैनगंगाकाठ

चांगलं लिहिलंय. एक शंका. होंडावाले ०डब्ल्यू-२० टाका म्हणतात. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो. या असल्या पाण्यासारख्या ऑइलनं इंजिन टिकणार कसं? आमचा मिस्त्री तर २०डब्ल्यू-५० च टाकतो, म्हणतो जाड ऑइल म्हणजे जाड थर. पटतं पण बुवा.

निवृत्त_अभियंता

@वैनगंगाकाठ, तुमच्या मिस्त्रीचं म्हणणं तीस वर्षांपूर्वीच्या इंजिनांना लागू होतं. त्याला दोष नाही, तो त्यांच्यावरच शिकला.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. चंद्रपूरला त्याचा उपयोग एवढाच की सकाळी इंजिन सुरू करताना ऑइल लवकर वर पोचतं. तेही काही कमी नाही, कारण बरीच झीज त्या सुरुवातीच्या क्षणांत होते. नंतरचा आकडा गरम ऑइलच्या दाटपणाचा, तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. २० ग्रेडचं ऑइल १०० अंशाला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) असतं, ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३.

आता बघा, १०० अंशच का? कारण चालू इंजिनात ऑइल साधारण त्याच घरात असतं. बाहेर २० अंश असोत की ४५, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कूलंटला ठरावीक तापमानाला धरून ठेवतात. चंद्रपूरच्या उन्हाने एसीचे हाल होतात, टायरचे होतात, ऑइलच्या तापमानात मात्र तुम्हाला वाटतो तेवढा फरक पडत नाही.

आणि जाड थराचं. बेअरिंगमधली फट ठरलेल्या जाडीच्या ऑइलसाठी ठेवलेली असते. २०डब्ल्यू-५० त्या फटीतून कमी वाहतं, आणि वाहणारं ऑइलच तर उष्णता वाहून नेतं. शिवाय हल्लीच्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर चालतं. त्याच्या जाळ्या आणि वाटा बारीक असतात. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ला परवानगी असेल तर ते खुशाल टाका, उन्हाळ्याचं मानसिक समाधानही मिळेल. पण ५० ग्रेड नको.

वैनगंगाकाठ

पुस्तिका शोधावी लागेल. ग्लोव्ह बॉक्समध्ये सध्या फक्त विम्याचे जुने कागद आणि बडीशेप आहे.

मिरज_गॅरेज

नमस्कार मंडळी. मी गॅरेज चालवतो, इथं जास्त लिहीत नाही पण हा धागा बघून ऱ्हावलं नाही.

दिवेघाट साहेबांनी चेंबरच्या आट्यांचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. आमच्याकडं आटे गेलेली चेंबरं नेमानं येतात. होतं काय, दर वेळी गाडी दुसऱ्या पोराच्या हातात जाते. पहिल्यानं नट आवळला, चकती जुनीच. थोडं पाझरलं. दुसऱ्यानं अजून आवळला. तिसऱ्यानं गन लावली. चौथ्या वेळी नट खोलला की आट्यांची ॲल्युमिनियमची तार नटाला गुंडाळून बाहेर येते. आता बिल कुणाच्या नावावर? जो शेवटी खोलतो त्याच्या. म्हणून पोरांना सांगून ठेवलंय, खोलताना नट पहिल्यापासून शेवटपर्यंत जड येत असंल तर थांबा आणि आधी गिऱ्हाइकाला बोलावून दाखवा.

आटे गेल्यावर उपाय हेलिकॉइलचा. भोक मोठं करून, नवे आटे पाडून, त्यात तारेची स्प्रिंग बसवायची. मूळचाच नट परत बसतो. नीट केलं तर आधीपेक्षा मजबूत होतं, कारण आता पोलादात पोलाद. फक्त किसाचा बारीक कण आत राहता कामा नये, म्हणून नंतर थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून खालनं वाहू देतो. दुसरा प्रकार म्हणजे एक साइज मोठा, स्वतःच आटे पाडत जाणारा नट. तो तात्पुरता. एम-सील लावून आलेली गाडी पण बघितलीय, त्याबद्दल न बोललेलं बरं.

एक बाजू आमची पण ऐका. मोठ्या वर्कशॉपात एका पोराला दिवसभरात किती गाड्या उरकायच्या असतात ते बघा कधीतरी काचेच्या पलीकडं उभं राहून. टॉर्क पाना भिंतीला टांगलेला असतो, तो काढून, आकडा लावून, परत ठेवायला जो वेळ लागतो तो त्याला कोण देत नाही. पोरगं वाईट नसतं.

आणि फिल्टर काढला की जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का बघायचंच. इंजिनाला चिकटून राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावर बसवला तर दोन रिंगा होतात. सुरू केल्यावर मिनिटभर काही होत नाही, मग दाबानं एक रिंग सरकते आणि सगळं ऑइल रस्त्यावर. बोट फिरवून बघायचं, नुसत्या नजरेवर जायचं नाही.

दिवेघाट

@मिरज_गॅरेज, मनापासून आभार. 'जड येत असेल तर थांबा' हे मूळ लेखात हवं होतं.

सुमेधा_को

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये बादलीने गाडी धुतली तरी सेक्रेटरी काकांचा फोन येतो, घोड्यांवर चढवलेली गाडी बघितली तर ते सर्वसाधारण सभाच बोलावतील. मी वॅगन-आरला पट्टीच्या नळीतून ओढून घ्यायचा पंप वापरते. हाताने हवा काढायचा, साताठ लिटरची टाकी असलेला. नळी तळाला टेकेपर्यंत घालायची, पंप मारायचा, बाजूला स्टुलावर बसून चहा प्यायचा. गाडीखाली जायचं नाही, नटाला हात नाही, चकती नाही. यात काही तोटा आहे का? दोन जणांनी सांगितलं की तळाचा गाळ राहतो.

निवृत्त_अभियंता

वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात तळाला गाळ म्हणावा असा साचत नाही. कचरा ऑइलमध्येच तरंगत असतो, ते त्यातल्या रसायनांचं कामच आहे. काही जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपमध्येही वरूनच ओढतात. फक्त एक करा, निघालेलं ऑइल मोजा. पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं तर नळी तळाला पोचलेली नाही. तसंच पूर्ण नवं ओतलंत तर पातळी जास्त होईल, आणि जास्त ऑइल कमी ऑइलइतकंच वाईट. क्रँक (इंजिनातला फिरता दांडा) त्यात आपटून फेस करतो, फेसाने दाब पडतो.

पण फिल्टरचं काय करता?

सुमेधा_को

फिल्टरसाठी पुढचं चाक पूर्ण वळवून बाजूने हात घालते. हात बारीक असल्याचा आयुष्यात झालेला एकमेव फायदा.

मिरज_गॅरेज

ताई, तुम्ही माझ्याकडं कामाला या.

ह्यूस्टनकर

इकडून थोडी भर. अमेरिकेत हे काम घरी करणं अगदी नेहमीचं आहे, कारण इकडे मजुरी महाग. माझ्या गल्लीत शनिवारी सकाळी निदान एका तरी ड्राइव्हवेमध्ये गाडीखालून पाय बाहेर आलेले दिसतात. दोन गोष्टी सांगण्यासारख्या.

वॉरंटीचं. इकडे १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. फक्त तुम्ही बाहेर किंवा घरी ऑइल बदललं एवढ्या कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. तुमच्या त्या कामामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. म्हणून आम्ही ऑइल-फिल्टरच्या पावत्या आणि किलोमीटरची (इकडे मैलांची) नोंद जपून ठेवतो. भारतात तसं समजून चालू नका, दिवेघाट म्हणतात तेच बरोबर.

जुन्या ऑइलचं. ते परत डब्यात भरायचं आणि ऑटोझोनसारख्या स्पेअर पार्टच्या दुकानात नेऊन द्यायचं. फुकट घेतात, मागच्या बाजूला टाकी असते. नियम एकच, त्यात कूलंट, पेट्रोल, ब्रेक ऑइल काही मिसळलेलं नको, कारण मिसळलं की ते पुन्हा शुद्ध करता येत नाही.

अवांतर : सुबारूवाल्यांनो, खाली दोन नट दिसतात. एक इंजिनाचा, एक सीव्हीटी गिअरबॉक्सचा. आमच्या इकडच्या कट्ट्यावर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी गिअरबॉक्स रिकामा करतो आणि इंजिनात दुप्पट ऑइल भरतो. काळं ऐवजी हिरवट किंवा पिवळसर स्वच्छ काही यायला लागलं की थांबायचं असतं, पण 'अरे वा, ऑइल किती चांगलं राहिलंय' असं म्हणत लोक उभे असतात.

बांधावरचा

एवढी चर्चा जुन्या ऑइलची? आमच्याकडं थेंब शिल्लक राहत नाही. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल लावतो. स्लॅबचं काम निघालं की सेंट्रिंगवाला फळ्यांना लावायला मागून नेतो. गेटच्या बिजागऱ्या, नांगराचा फाळ पावसाळ्यात गंजू नये म्हणून, सगळीकडं तेच. घराभोवती कडेनं ओतलं की साप फिरकत नाही असंही म्हणतात. तुम्ही शहरातले लोक उगीच डब्यात भरून फिरवताय.

निवृत्त_अभियंता

@बांधावरचा, फाळाला फडक्याने पुसलेला हात वेगळा आणि घराभोवती ओतणं वेगळं. सापाचं तर सोडाच, साप उंदरामागे येतो. उंदीर आहेत तोवर तो येणार. पण जमिनीत मुरलेलं ऑइल जातं कुठे? पावसात ओघळून विहिरीकडे. एक लिटर वापरलेलं ऑइल दहा लाख लिटर पाणी नासवू शकतं असं पर्यावरणवाले सांगत असतात. तो आकडा बाजूला ठेवला तरी पाण्यावर पसरणारा तो इंद्रधनुषी तवंग आपण सगळ्यांनी बघितलाय, एका थेंबाचा केवढा होतो! त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात, जळण्यातून आलेली घातक रसायनं असतात. म्हणूनच नव्या डब्यावरही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वापरलेल्या ऑइलचा त्वचेशी वारंवार संबंध टाळा. हातमोजे त्यासाठी, हात काळे होतात म्हणून नव्हे.

नियमाने बघितलं तर वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध होईल हे बघण्याची जबाबदारी टाकली आहे. कागदावर चोख. आता तुमच्या-माझ्यासारखा साडेतीन लिटरचा धनी त्या साखळीत शिरणार कुठून, हे मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.

बांधावरचा

मेढींना लावणं बंद करणार नाही, त्याला दुसरा स्वस्त उपाय सांगा मग बघू. ओतायचं बंद करतो. विहीर खरंच खालच्या अंगाला आहे.

मिरज_गॅरेज

साखळीत शिरायचा रस्ता आमच्या दारातनं जातो. आमच्याकडं दोनशे लिटरचं बॅरल असतंय, भरलं की घेणारा येतो, लिटरवर पैसे पण देतो. गिऱ्हाइक डबा घेऊन आलं तर कुठलाही गॅरेजवाला नाही म्हणणार नाही, फुकटचा माल कोण सोडतोय? पण एक विचारून घ्या, नेणारा परवानावाला आहे का. काही जण नेऊन वीटभट्टीला जाळायला विकतात, काही त्याला गाळून रंग देऊन परत डब्यात भरतात. ते दुसरं तर तुमच्याच इंजिनात परत येतंय.

म्हणून सांगतो, नव्या ऑइलचा डबा रिकामा झाला की झाकणाखालचं तोंड कापा नाहीतर तळाला भोक पाडा. चांगल्या कंपनीच्या अख्ख्या रिकाम्या डब्याला भंगारात वेगळा भाव मिळतो. का मिळतो ते ओळखा.

दिवेघाट

याला शंभर वेळा अनुमोदन. जुनं ऑइल न्यायला डबा लागतोच, तर तो नव्याचा वापरू नका. खाद्यतेलाचा पाच लिटरचा कॅन घ्या आणि त्यावर मार्करने ठळक लिहा. घरात लहान मुलं किंवा विसराळू माणसं असतील तर स्वयंपाकघराच्या आसपासही नको. फिल्टरमध्ये पाव लिटरभर ऑइल अडकलेलं असतं, तोही रात्रभर उलटा ठेवून निथळवून मगच टाका.

डिझेलभक्त

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्याला साधं ऑइल चालत नाही, राख कमी करणारं लागतं. डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पुस्तिकेत बघून तेच घ्या. चुकीच्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती जळून जात नाही. आणि त्याची किंमत ऐकली की तुम्हीच जळून जाल.

दुसरं, नुसती शहरात फिरणारी गाडी असेल तर पट्टी बघत राहा. डीपीएफ साफ करण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं, ते अर्धवट राहिलं की थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी होण्याऐवजी पातळी वर चढत जाते. लोक खूश होतात की गाडी ऑइल खात नाही. पट्टीला डिझेलचा वास आला आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली की किलोमीटर न बघता बदलून टाका.

पहिलटकर

माझं ऑइल दोन हजार किलोमीटरमध्येच काळं झालं. पेट्रोल गाडी आहे. बदलू का? आणि ऑफिसची सीएनजी कॅब आहे, तिचं मात्र सोन्यासारखं दिसतं. म्हणजे सीएनजीला ऑइल जास्त टिकतं का?

निवृत्त_अभियंता

रंगावरून काही ठरवू नका. काळं होणं म्हणजे ऑइल काजळी धरून ठेवतंय, इंजिनाला चिकटू देत नाही. डिझेलमध्ये तर नवं ऑइल शंभरेक किलोमीटरमध्ये काळं होतं. सीएनजीमध्ये काजळी जवळजवळ नसते म्हणून रंग टिकतो, पण उष्णतेने ऑइल जाड होत जातं आणि त्यातली रसायनं संपतातच. दोन्हीकडे पुस्तिकेतला किलोमीटरचा किंवा वर्षाचा आकडा, जो आधी येईल तो. तुमची गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर वर्षाचा जास्त मनावर घ्या. इंजिन पूर्ण तापतच नाही, आत बाष्प साचतं. ऑइल भरायच्या झाकणाखाली दह्यासारखं पांढरट काही दिसतंय का बघा.

पहिलटकर

दिसतंय!! हेड गॅस्केट गेलं का?

मिरज_गॅरेज

घाबरू नका. गॅस्केट गेलं की कूलंट ऑइलात मिसळतं, म्हणून आधी कूलंटची टाकी बघा, पातळी कमी होतेय का. होत नसेल तर नुसतं बाष्प आहे. रविवारी गाडी तासभर हायवेला पळवून आणा आणि झाकण पुसून परत बघा. कूलंट कमी होत असेल, किंवा पट्टीवरचं ऑइल पण तसंच दुधाळ असेल, तर मात्र गाडी चालू न करता टो करून न्या.

पहिलटकर

कूलंट जागच्या जागी आहे, पट्टीही स्वच्छ. रविवारी लोणावळ्याला जाऊन येतो, घरच्यांना कारण सांगायची सोय झाली. अजून एक, शेवटचं. मित्राने त्याच्या गाडीचं ऑइल या लेखाप्रमाणे बदललं, आता जमिनीवर रुपयाएवढा डाग दिसतोय. तो नट आणखी आवळायला निघालाय.

मिरज_गॅरेज

थांबवा त्याला. फिल्टर काढताना ऑइल खालच्या लोखंडावर ओघळतं आणि दोन दिवस तिथनं टपकत राहतं. पेट्रोलात भिजवलेल्या फडक्यानं नट, फिल्टर आणि आजूबाजूचं सगळं पुसायला सांगा, इंजिन गार असताना. मग नटाभोवती आणि फिल्टरखाली टिश्यू पेपर बांधून गाडी एक फेरी मारून आणायची. कुठला कागद भिजतो ते बघायचं. दोन्ही कोरडे तर ते जुनंच टपकत होतं. फिल्टरचा भिजला तर हातानं अजून थोडा फिरवा. नटाचा भिजला तर त्याला विचारा, चकती नवी टाकली होती का.

पहिलटकर

विचारलं. म्हणतो, 'कसली चकती?'

मिरज_गॅरेज

१७ चा नट असंल तर बहुतेक १४ एमएमची लागंल, पण जुना नट दाखवूनच घ्या. येताना दोन घेऊन या म्हणावं, एक पुढच्या वेळेला.